लढाई संपली, जमीन परत आली नाही

उल्हासनगरला रिक्षात बसून तुम्ही नुसतं "स्टेशन" म्हणालात की रिक्षावाला विचारतो, "कुठला कॅम्प?" एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर. दुकानांच्या पाट्यांवर कॅम्प, लग्नाच्या पत्रिकेवर कॅम्प, शाळेच्या दाखल्यावर कॅम्प. मी नोकरीनिमित्त अकरा वर्षं तिकडे जात होतो. भुईगावहून बसने वसई स्टेशन, तिथून दिव्याची गाडी, दिव्याला उतरून पुढची लोकल. पहिली दोन वर्षं मलाही वाटायचं की कॅम्प म्हणजे आपल्याकडे आळी किंवा पाडा म्हणतात तसंच काहीतरी असेल. नंतर कळलं की हा शब्द लष्कराचा आहे. लष्कर जाऊन पाऊणशे वर्षं झाली तरी शब्द तिथेच राहिला. आणि लष्कर यायच्या आधी तिथे जी गावं होती, त्यांची नावं मात्र रिक्षावाल्यालाही माहीत नाहीत.

आज लिहायचं कारण शेवटी येईलच. आधी ही गोष्ट नीट सांगतो, कारण ती आपल्यापासून लांब नाही. ज्या उल्हास नदीच्या नावावरून त्या शहराचं नाव पडलं, तीच नदी राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत-बदलापूर-कल्याण करत ठाण्याजवळ येते आणि तिचा मोठा फाटा घोडबंदरवरून आपल्या वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. म्हणजे पाण्याच्या नात्याने आपण एकमेकांचे शेजारीच.

दुसरं महायुद्ध सुरू झालं १९३९ साली. मुंबई बंदरातून सैन्य पश्चिमेला जायचं, पश्चिमेकडून यायचं, आणि जपान युद्धात उतरल्यावर पूर्वेकडेही जायला लागलं. इतकी माणसं बोट मिळेपर्यंत ठेवायची कुठे? मुंबईत जागा नव्हती. कल्याण सोयीचं होतं. रेल्वेचं मोठं जंक्शन, एक लाइन कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे, नदीचं पाणी आणि सपाट जमीन. ही सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरं. पाच गावांच्या हद्दीत कल्याणचं ट्रान्झिट कॅम्प उभं राहिलं. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं राहतील अशी ती सोय होती. दोन हजारांवर बराकी बांधल्या; २,१२६ हा आकडा सगळीकडे दिलेला असतो. मधे मोठा हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. ज्यांनी जुनं उल्हासनगर पाहिलंय त्यांना त्या बराकी आठवत असतील. आता बहुतेक पाडून वर मजले चढले.

१९४५ ला युद्ध संपलं. कॅम्प ओस पडलं. साध्या हिशोबाने बघितलं तर इथे गोष्ट उलटी फिरायला हवी होती. सैनिक गेले, बराकी उतरवल्या, शेतकरी परत नांगर घेऊन आला. तसं झालं नाही. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून माणसं बोटींनी मुंबईला यायला लागली. सरकारकडे तयार छपरं होती, ती कल्याण कॅम्पात. लाखाच्या घरात सिंधी निर्वासित त्या बराकींमध्ये आले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. लष्करी तळाचं शहर झालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण कॉमेंटमध्ये लगेच "बाहेरच्यांनी बळकावलं" सुरू होतं. या गोष्टीत सिंधी माणूस खलनायक नाही. ज्याचं घरदार, शेती, दुकान, सगळं एका रात्रीत सीमेपलीकडे राहिलं, तो एका बराकीत चादरी बांधून चार कुटुंबांत राहिला. त्याने पापड, लोणची, बिस्किटं, कपडे विकून शहर उभं केलं. माझ्या ऑफिसात त्यांच्यापैकी अनेक होते. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला एकदा विचारलं, "तुमचं गाव अजून आहे ना? म्हणजे जाऊन बघता येतं ना?" मी म्हटलं, हो, रोज संध्याकाळी तिथेच तर जातो. ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली.

तर प्रश्न तो नाही. ज्याची जमीन गेली त्याला कोणी, काय सांगून नेली, कागदावर काय लिहिलं आणि युद्ध संपल्यावर त्या कागदाचं काय झालं, हा प्रश्न आहे.

आता थोडा कायदा. कंटाळू नका, हाच भाग कामाचा आहे.

युद्धकाळात ब्रिटिश सरकारकडे १९३९ चा भारत संरक्षण कायदा होता आणि त्याखालचे नियम होते. त्यातला ७५-अ हा नियम महत्त्वाचा. त्याने सरकारला कुठलीही जमीन, इमारत, गाडी, बोट, वाटेल ती मालमत्ता गरजेपुरती ताब्यात घेता येत होती. इंग्रजीत त्याला रिक्विझिशन म्हणतात. मराठीत आपण सगळ्यालाच "जमीन गेली" म्हणतो, पण कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे भूसंपादन. त्यात मालकी जाते, मोबदला मिळतो, विषय संपतो. दुसरी म्हणजे रिक्विझिशन. त्यात मालकी तुमचीच राहते, ताबा सरकारचा. तुम्हाला भाडं किंवा भरपाई मिळते आणि गरज संपली की जमीन परत. घर भाड्याने देणं आणि घर विकणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे.

कागदावर फरक इतका स्वच्छ आहे. पण १९४२-४३ साली कल्याणच्या गावात घोड्यावरून किंवा जीपमधून आलेला साहेब, त्याच्याबरोबरचा मामलेदार आणि अंगठा उठवणारा शेतकरी, यांच्यात तो किती पोचला असेल? लढाई चालू आहे, सरकारला जमीन हवी आहे, लढाई संपली की बघू. एवढंच त्याला कळलं असणार. पीक उभं असेल तर पिकाचे पैसे मिळाले असतील. ते भाडं होतं, पिकाची नुकसानी होती की जमिनीची किंमत होती, हे विचारायची सोय त्याच्याकडे नव्हती.

पुढची चाल बघा. युद्ध संपलं, भारत संरक्षण कायदा १९४६ ला संपला. कायदा संपला म्हणजे ७५-अ खालचा ताबाही संपायला हवा. तसं होऊ नये म्हणून आधी वटहुकूम आला आणि मग १९४७ साली वेगळा कायदा करून ताब्यातल्या जमिनी ताब्यातच ठेवायची सोय केली. सरकारने त्या जमिनीवर बांधकाम केलं असेल तर ती कायमची संपादन करायचा रस्ताही त्यात होता. नंतर १९५२ चा कायदा आला. तो तात्पुरता म्हणून आला, त्याची मुदत वाढत वाढत गेली आणि १९८७ ला एकदाची संपली. म्हणजे "लढाई संपेपर्यंत" हा शब्द तीन कायद्यांच्या खांद्यांवरून चाळीस वर्षं चालत गेला. गोऱ्यांचं सरकार जाऊन आपलं आलं, तरी तो खाली उतरला नाही.

कॅम्पाची जागा शहर झाल्यामुळे तिथला वाद विरून गेला. लाख माणसं राहतात तिथे भाताचं खाचर कोण परत मागणार? पण त्याच लष्करी पसाऱ्याचा दुसरा तुकडा थोडा दक्षिणेला आहे. तिथे शहर झालं नाही, म्हणून तिथली जखम उघडी राहिली. तो तुकडा म्हणजे नेवाळी.

कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेवाळी नाका लागतो. युद्धात तिथे विमानांसाठी धावपट्टी केली. नेवाळी, भाल, द्वारली आणि आसपासच्या गावांची मिळून सोळाशे-सतराशे एकर जमीन त्यात गेली. युद्ध संपल्यावर विमानं गेली. धावपट्टी राहिली, तीही गवतात. शेतकरी काही वर्षांत परत आपापल्या तुकड्यावर भात लावायला लागले. कोणी अडवलं नाही. दोन-तीन पिढ्या त्या जमिनीवर कसून मोठ्या झाल्या. फक्त दप्तरात जमीन संरक्षण खात्याच्या नावावर होती.

त्या बाजूच्या एका गावातला एक जण माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याच्या आजीचं एक वाक्य घरात म्हणीसारखं चालायचं: "लराई सरली का देतील." कोणी उधार पैसे नेले आणि परत देत नसेल तर घरातले हसून म्हणायचे, लराई सरली का देतील. आजी गेली, तिचा मुलगा म्हातारा झाला, म्हण राहिली. आम्ही डबा खाताना तो हे सांगायचा आणि आम्हीही हसायचो.

२०१७ च्या जून महिन्यात नौदलाने त्या जमिनीला कुंपणाची भिंत घालायला घेतली. पावसाळा तोंडावर, पेरणीचे दिवस. २२ जूनला रस्ता पेटला. गाड्या जाळल्या, पोलिस जखमी झाले, छर्‍यांच्या बंदुका चालल्या, शेतकरी जखमी झाले, गुन्हे दाखल झाले. टीव्हीवर दिवसभर धूर दिसत होता. दुसऱ्या दिवशी आमच्या ट्रेनमध्ये चर्चा एकच, "हे लोक एकदम असे का पेटले?" एकदम नव्हे हो. पंचाहत्तर वर्षं लागली त्याला.

दोन्ही बाजू सांगतो. गावकऱ्यांचं म्हणणं, जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपलं, परत द्या. सरकारचं म्हणणं, जमीन संरक्षण खात्याची आहे, नोंदी तशा आहेत, तिथली शेती हे अतिक्रमण आहे. पोलिसांवर दगड टाकणं, गाड्या जाळणं याचं समर्थन मी करणार नाही, जखमी झालेला हवालदारही कोणाचा तरी मुलगा असतो. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते एका शब्दाने. आजोबाच्या शेतात भात लावणाऱ्या माणसाला कागद "अतिक्रमण करणारा" म्हणतो. जमीन जागेवरच, माणूस जागेवरच, मधला कागद तेवढा बदलला.

कोणी म्हणेल, परकं सरकार होतं, गुलाम देशाच्या शेतकऱ्याशी असंच वागणार. ते पूर्ण खरं नाही. त्याच सरकारने स्वतःच्या देशात, इंग्लंडातही हेच केलं. सॅलिसबरीच्या माळावर इम्बर नावाचं खेडं होतं. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये गावकऱ्यांना सत्तेचाळीस दिवसांची मुदत दिली आणि सैनिकांच्या सरावासाठी गाव रिकामं करायला लावलं. त्याच डिसेंबरमध्ये डॉर्सेट परगण्यात टाइनहॅम नावाचं समुद्राजवळचं गाव रणगाड्यांच्या सरावासाठी उठवलं. लोक जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावून गेले की आमच्या घरांची काळजी घ्या, आम्ही एक दिवस परत येणार आहोत. परत कोणी गेलं नाही. युद्धानंतर लष्कराने ती जागा कायमची ठेवून घेतली.

म्हणजे मुद्दा गोऱ्या-काळ्याचा नाही. एकदा ताबा गेला की तो देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखा दिसत नाही. देणारा म्हणतो, दिलंय ते परत यायचंय. घेणारा म्हणतो, आहे ते आपलंच आहे. आणि मधे जितकी वर्षं जातात तितका घेणाऱ्याचा शब्द जड होत जातो.

एक फरक मात्र आहे. टाइनहॅमचं चर्च आणि शाळा नीट राखून ठेवली आहेत. इम्बरचं चर्च वर्षातले ठरावीक दिवस लोकांसाठी उघडतात. तिथे अमुक कुटुंब राहायचं, इथे पोस्ट होतं, हे बघता येतं. आपल्याकडे? कल्याण कॅम्पाखाली गेलेल्या पाच गावांचा एक साधा फलक मी अकरा वर्षांत पाहिला नाही. विमानं उतरली त्या धावपट्टीपाशी मला एक पाटी दिसायची, प्रवेश निषिद्ध.

लष्कराच्या पायाखाली गाव येणं आपल्या किनाऱ्याला नवीन नाही. १५३४ ला वसई पोर्तुगीजांकडे गेली, कोट उभा राहिला. १७३७ ला मराठ्यांची मोहीम सुरू झाली, अर्नाळा घेतला. १७३९ च्या फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईला वेढा घातला. हजारो माणसं, घोडी, बैल, तोफा, सुरुंग खणणारे. आपल्या बागायतींच्या पट्ट्यात तीन महिने छावणी पडली होती. त्या काळात इथल्या शेतकऱ्याच्या वाडीचं, विहिरीचं, केळीच्या लागवडीचं काय झालं असेल ते कोणी लिहून ठेवलं नाही, आपण विजयोत्सव लिहून ठेवला. मे महिन्यात कोट पडला आणि पाऊस लागायच्या आत काम उरकलं.

त्या छावणीत आणि कल्याणच्या कॅम्पात मला मोठा फरक दिसतो. जुनी छावणी म्हणजे मुक्काम होता. नासधूस होत असेल, लूट होत असेल, पण राहुट्या उठल्या की जमीन मोकळी. पाऊस पडला की खुणा पुसल्या. इंग्रजांनी आणलेली छावणी कागदावर बसवलेली होती. खडकी बघा. १८१७ च्या लढाईपर्यंत ते पुण्याबाहेरचं खेडं. लढाई झाली, इंग्रज जिंकले, तळ पडला तो कायमचा. कामठीला १८२१ ला छावणी पडली. देवळालीला १८६१ पासून. विलायतेला परत जाणाऱ्या गोऱ्या सोल्जरांना बोटीची वाट बघत देवळालीत महिनोन्‌महिने पडून राहावं लागायचं, डोकं फिरायची पाळी यायची. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला "डुलाली" असा शब्दच झाला. जगाच्या शब्दकोशात आपल्या नाशिक जिल्ह्यातलं एक गाव गेलं ते असं! स्वातंत्र्यानंतर तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र तिथे आलं, म्हणून आज देवळालीचा मान आहे, आणि तो असायलाच हवा. लष्कर लागतं, सरावाला जागा लागते, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण महाराष्ट्रात आजही सात कँटोन्मेंट आहेत. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी. तिथल्या नागरी वस्तीला विचारा. कितीतरी घरांची परिस्थिती अशी की भिंती आणि छप्पर मालकाचं, खालची जमीन सरकारची. चार पिढ्या राहूनही एक खोली वाढवायची तर परवानगीसाठी खेटे. आता नागरी भाग वेगळे काढून महापालिका-नगरपालिकांना जोडायची चर्चा चालू आहे. दोनशे वर्षांपूर्वी टाकलेला तंबू उठायला अजून वेळ लागतोय.

उल्हासनगरलाही त्याची किंमत मोजावी लागली. शहराचा पाया तात्पुरता होता, म्हणून पुढचं सगळंच तात्पुरतं होत गेलं. कोणाच्या नावावर बराकीचा तुकडा, कोणाची सनद निघाली, कोणाची राहिली. कोणी एक मजला चढवला, कोणी पाच. शेवटी बेकायदा इमारतींचा प्रश्न कोर्टात गेला आणि २००६ साली एकट्या उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करायचा वेगळा कायदा राज्याला करावा लागला. आपल्याला हे ओळखीचं वाटतंय ना? नालासोपाऱ्याच्या ४१ इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, त्याला फार दिवस झालेले नाहीत. तिथे ज्यांनी घरं घेतली त्यांनाही कोणीतरी "कागद होईल नंतर" असंच सांगितलं होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपला जिल्हा सध्या बांधकामाचा जिल्हा झालाय. बुलेट ट्रेन, विरार-अलिबाग मार्ग, डहाणूजवळ वाढवण बंदर. कोणाला हवे, कोणाला नको, तो वाद स्वतंत्र. पण अशा प्रत्येक कामाबरोबर आणखी एक मागणी येते, जिची बातमी होत नाही. माल ठेवायला जागा, काँक्रीटचा प्लँट लावायला जागा, डंपर उभे करायला जागा, मजुरांना राहायला जागा. त्याला काय म्हणतात? लेबर कॅम्प. शब्द फिरून परत आलाच. आणि मागणारा म्हणतो, "काका, विकत नाही मागत. तीन वर्षांसाठी द्या. काम झालं की आहे तशी परत."

गेल्या काही महिन्यांत मला चार-पाच जणांनी फोन करून विचारलं, द्यावी का? शेती परवडत नाही, पोरगा नोकरीला, वाडी नुसती पडून, महिन्याला भाडं येतंय तर वाईट काय? मी कोणाला "देऊ नका" म्हणत नाही. ज्याची जमीन त्याने ठरवावं. घरचा खर्च मला नाही, त्याला भागवायचाय. फक्त नेवाळीच्या आजीचं वाक्य डोक्यात ठेवून काही गोष्टी बघा.

पहिली. मागणारा कोण आहे ते आधी ओळखा. सरकार कायद्याने मागतंय की ठेकेदार आपल्या सोयीने मागतोय? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तात्पुरत्या ताब्याचं कलम आहे, ८१ नंबरचं. त्यात ताबा जास्तीत जास्त तीन वर्षांचा, तोही लेखी नोटीस देऊन, भरपाई ठरवून. पुढच्या ८२ व्या कलमात मुदत संपल्यावर नुकसानीची भरपाई देऊन जमीन परत करायची तरतूद आहे. आणि जमीन पहिल्या कामाला कायमची निकामी झाली असेल, तर मालकाने मागणी केल्यावर सरकारला ती रीतसर संपादन करावी लागते. हे १९४३ च्या शेतकऱ्याकडे नव्हतं. आपल्याकडे आहे, वापरलं तर. ठेकेदाराशी केलेल्या खासगी कराराला मात्र यातलं काहीच लागू होत नाही. तिथे जे लिहिलंय तेवढंच तुमचं.

दुसरी. "आहे तशी" म्हणजे कशी, हे लिहा. आमच्या पट्ट्यातली जमीन रेतीमिश्रित, पाणी वरच लागणारं, बावखलांवर जगणारी. तिच्यावर दोन फूट मुरूम टाकून तीन वर्षं डंपर फिरवले तर मुरूम काढल्यावरही ती पूर्वीची होत नाही. बावखल बुजलं तर शेजारच्याचीही विहीर जाते. मुरूम कोण काढणार, किती खोल, बावखल कोण उपसणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे करारात शब्दाने आलं पाहिजे. आधीचे फोटो तारखेसह ठेवा.

तिसरी. सातबारा दर वर्षी बघा. फक्त मालकाचं नाव नव्हे, "इतर हक्क" या रकान्यातही काय चढलंय ते बघा. फेरफार नंबर दिसला की तो फेरफार काढून वाचा. वहिवाटीची नोंद कोणाची लागली ते बघा. नेवाळीची भांडणं शेतात झाली नाहीत, ती रकान्यात झाली. शेतकरी नांगर धरून होता आणि रकाना दुसऱ्याच्या नावाने भरत होता.

चौथी. जुने कागद जपा. घरातल्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, अल्तारीच्या खणात जे पिवळे पडलेले कागद आहेत ते उंदरांना देऊ नका. त्यांचे फोटो काढा. मोडी असेल तर वाचणारे अजून आहेत. तहसील कार्यालयातून जुने फेरफार, कडईपत्रकं यांच्या नकला अर्ज करून मिळतात, बरेच जुने अभिलेख आता ऑनलाइनही आलेत. एक रविवार घालवा त्यावर.

पाचवी, आणि ही थोडी कडू आहे. २०१३ च्याच कायद्यात १०१ वं कलम आहे. संपादन केलेली जमीन पाच वर्षं वापरली नाही तर परत करायची. ऐकून बरं वाटतं. पण कलमात लिहिलंय की मूळ मालकाला "किंवा" सरकारच्या लँड बँकेला. त्या एका "किंवा"त सगळं आलं. म्हणून "कायद्यात परत द्यायची सोय आहे हो" असं सांगणाऱ्याला विचारा, कोणाला परत?

कोणी म्हणेल, एवढं घाबरवताय कशाला, लष्कर थोडंच येतंय आपल्याकडे. लष्कर येत नाहीये, हे खरं. पण कल्याणच्या त्या पाच गावांनाही कोणी "तुमचं शहर करणार आहोत" असं सांगून जमीन घेतली नव्हती. सांगितलं ते खोटंही नसेल. त्या दिवशी त्या साहेबाला खरंच वाटलं असेल की लढाई संपली की परत देऊ. पण साहेबाची बदली होते. सरकार बदलतं. फाळणी होते. नवी गरज उभी राहते आणि ती खरी असते, माणुसकीचीही असते. शेतकऱ्याला दिलेला शब्द मात्र त्या साहेबाबरोबर निघून जातो, कारण तो कुठेच लिहिलेला नसतो. वाईट माणूस नसतानाही जमीन जाते, हे मला त्या अकरा वर्षांत समजलं.

वसईने जमिनीसाठी भांडणं केली आहेत. हरित पट्ट्यासाठी मोर्चे काढलेत, महापालिकेत गावं नकोत म्हणून लाठ्या खाल्ल्यात. मोठ्या लढाईत आपण बरे आहोत. आपण हरतो ते छोट्या सहीत, ओट्यावर चहा पिता पिता केलेल्या.

तर एक विनंती. आपल्या किंवा आजूबाजूच्या गावात युद्धाच्या वेळी, किंवा नंतर कधीही, एखादी जमीन "तात्पुरती" म्हणून गेली असेल आणि घरात त्याबद्दल कोणी बोललेलं आठवत असेल, तर कॉमेंटमध्ये लिहा. नावं-सर्व्हे नंबर इथे टाकू नका, गावाचं नाव आणि साधारण साल पुरे. म्हातारी माणसं घरात असतील तर या रविवारी त्यांच्याजवळ बसून विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि ज्यांच्या दारात सध्या कोणी तीन वर्षांसाठी जमीन मागायला येतंय, त्यांनी सही करायच्या आधी करार एखाद्या वकिलाला दाखवा. वकिलाची फी जाईल. जमिनीपेक्षा ती स्वस्त आहे.